सातव्या कळीतलं हसणं

मित्रांनो, मी हशांची एक जुनी पेटी आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी माझं ऐकून घ्या.

विनोदी मालिका चालू असताना मधूनच लोकांच्या हसण्याचा आवाज येतो ना, तो माझ्यासारख्या पेटीतून येतो. माझ्या पोटात चोवीस फिती गोल फिरतात. समोर चोवीस कळा आहेत आणि खाली पायाने दाबायची एक पट्टी. कळ दाबली की हशा सुरू होतो, पट्टीवरच्या पायाने तो लहान-मोठा करता येतो. मला स्वतःला मात्र हसता येत नाही.

मला बनवलं ध्वनिमुद्रण करणाऱ्या मास्तरांनी. माझ्या फिती भरायला त्यांनी एका दुपारी सभागृहात साठ माणसं बोलावली. समोर एक विदूषक उभा केला आणि त्याला बजावलं, "तोंडातून शब्द काढायचा नाही. तुझा आवाज आला, तर सगळी फीत वाया!" मग त्या विदूषकाने न बोलताच घडीची खुर्ची उघडली. कधी त्याचं बोट अडकलं, कधी पाय, शेवटी तर मान. माणसं पोट धरधरून हसली. दोन तासांनी ती घरी गेली आणि सगळं विसरली. त्यांचं हसणं माझ्याकडे राहिलं.

माझ्या सातव्या कळीत एक गंमत आहे. एकोणसाठ माणसं हसून थांबतात. मग दीड सेकंद जातो. मग एक बाई एकटीच खळखळून हसते आणि शेवटी तिचा श्वास अडकतो. ती मास्तरांची बायको. एक खुर्ची रिकामी राहत होती, म्हणून त्यांनी तिला आणून बसवलं होतं आणि घाईघाईत ती चष्मा घरी विसरली होती.

पुढे आमची मालिका सुरू झाली. एक विसराळू काका आणि त्यांचं घर, एवढीच गोष्ट. पण ती एकवीस वर्षं चालली. काकांचं काम करणाऱ्या नटाला काम संपल्यावरही सगळे काकाच म्हणत. प्रत्येक भागाच्या शेवटी काका दाराला आतून कडी लावत आणि म्हणत, "आता कुणी येऊ नका रे!" की लगेच दारावर थाप पडे. तिथे मास्तर सातवी कळ दाबत.

लोकांना ती उशिरा हसणारी बाई फार आवडू लागली. तिच्या नावाने पत्रं येत. एका मुलीने लिहिलं होतं, 'ती माझ्या आजीसारखी हसते. तिला खाऊ द्या.' मास्तर ती पत्रं घरी नेऊन तिला वाचून दाखवत.

आठव्या वर्षी ती आजारी पडली आणि गेली.

मास्तर कामावर परतले, त्या दिवशी त्यांचं बोट सातव्या कळीवर बराच वेळ नुसतं टेकून राहिलं. मग त्यांनी ती दाबली. त्यानंतर एकही भाग त्यांनी तिच्याशिवाय जाऊ दिला नाही. एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना त्यांनी ती कळ उगाचच दाबून पाहिली. समोरचा पडदा बंद होता. काहीच घडलेलं नसताना ती हसली. मास्तरांना ते ऐकवेना. त्यांनी घाईने माझी वायर उपटली आणि पुन्हा कधी तसं केलं नाही. तिचं हसणं ऐकायचं, तर समोर हसण्यासारखं काहीतरी हवं होतं. ते आठवड्यातून एकदा आमची मालिका देत होती.

आणि आता मालिका संपणार होती.

"शेवटच्या भागात पेटी नको, मास्तर," दिग्दर्शिका म्हणाली. "घर रिकामं होतं, काका एकटे बाहेर पडतात, दार ओढून घेतात. अशा वेळी कोण हसणार?"

"बाई, शेवटच्या दिवशी मी तोंड पाडून निघालो, तर लोक म्हणतील, इतकी वर्षं हा नाटकच करत होता," काका म्हणाले.

"नाटकच होतं ते, काका."

"ते तुम्हाला-मला ठाऊक. त्यांना कशाला सांगायचं?"

मास्तर एवढंच म्हणाले, "एक तरी हशा ठेवा."

"का पण?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या कळा पुसत बसले. खरं कारण त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मला तर बोलताच येत नाही.

चित्रीकरण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिका ते घेऊन आमच्या खोलीत आली. तिचा चेहरा उतरला होता. मागोमाग काका, खाली मान घालून.

पडद्यावर चित्र सुरू झालं. काकांनी रिकाम्या घरावरून नजर फिरवली, दाराशी गेले, आणि एकवीस वर्षांच्या सवयीने दाराला आतून कडी लावली. मग आपल्याच हाताकडे बघत उभे राहिले. जायचं होतं बाहेर! त्या घराला तीनच भिंती होत्या, चौथ्या बाजूला कॅमेरे. काका वळले आणि त्या नसलेल्या भिंतीतून, कॅमेऱ्याला वळसा घालून, सरळ चालते झाले. नटच निघून गेला म्हटल्यावर सुतारांना वाटलं काम आटोपलं. त्यांनी लागलीच घर उकलायला घेतलं होतं.

"पुन्हा घ्यायला आता घरच नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "कडीवर हात आहे तिथेच कापू. पुढे शांतता."

"अहो बाई, जन्माचा विसराळू माणूस तो," काका हळूच म्हणाले. "शेवटच्याच दिवशी बरं त्याला नीट दार आठवेल?"

मास्तरांनी कुणाला न विचारता चित्र मागे घेतलं आणि मला चालू केलं. काका भिंतीतून निघाले, तसं त्यांनी सातवी कळ दाबली. एकोणसाठ माणसं हसली आणि थांबली.

मित्रांनो, तो मधला दीड सेकंद रिकामा नाही. तेव्हा मास्तरांची बायको शेजारणीला काहीतरी विचारते. तिचे शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून मास्तर तिथे नेहमी पट्टीवरचा पाय सैल सोडत. त्या दिवशी त्यांनी पाय सोडला नाही. पडद्यावर काका नव्हते, फक्त कडी लावलेलं रिकामं घर होतं.

"काय केलं त्याने?" तिने विचारलं. आणि मग ती हसली.

"कोण आहे ही?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"आमच्या घरातली," मास्तर म्हणाले. "तिला सगळं जरा उशिराच कळतं."

दिग्दर्शिकेने डोळे पुसले. "इथेच संपवू," ती म्हणाली. "तिच्यानंतर काही नको."

मालिका तशीच संपली. मास्तर निवृत्त झाले. दिग्दर्शिकेने त्यांना मला घरी न्यायला सांगितलं. ते म्हणाले, "नको. घरी तिला हसू येईल असं काही घडत नाही." जाताना त्यांनी माझं झाकण नीट बसवलं, त्यावर थोडा वेळ हात ठेवला आणि गेले.

आता मी मालिकांच्या जुन्या सामानाच्या कोठारात आहे, एका खोट्या खिडकीला टेकून. आवाज हल्ली दुसऱ्याच यंत्रांतून येतात. फीत वर्षानुवर्षं फिरली नाही की ती कडक होते आणि तिचा चुरा होऊ लागतो. माझ्या काही फितींचा झालाही आहे. सातव्या फितीचं काय झालंय, मला आतून कळत नाही.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. कधी इकडे आलात, तर माझ्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि माझी चाकं हाताने एकदा सावकाश फिरवा. कळ दाबावीशी वाटली तर जरूर दाबा. पण त्याआधी काहीतरी गमतीचं करा, आणि जरा मोठ्याने करा. आत साठ माणसं बसली आहेत. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही.