माझ्याखाली झोपणारी मुलगी

मित्रांनो, कुणी कूस बदलली की मी हल्ली अशी कुरकुरते की शेजारच्या मुलीचीही झोप मोडते. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. विद्यापीठामागच्या गल्लीत मुलींचे एक खासगी वसतिगृह आहे. तिथे मोरीच्या दाराशी माझी जागा आहे.

एका वेल्डरने मला घडवले. उन्हात बसून त्याने माझे सांधे जोडले, निळा रंग दिला आणि मग स्वतःच माझ्यावर उभा राहून पाहिले. "हत्ती झोपला तरी हलायची नाही," असे तो म्हणाला, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

त्या काळी हे साधे राहते घर होते आणि खोलीत मी एकटीच होते. मालकीणबाई एकाच मुलीला खोली देत. मी खिडकीपाशी, शेजारी टेबल. शिक्षण संपवून जाताना मुली माझ्या दांड्यावरून हात फिरवत.

पुढे मालकीणबाई वारल्या आणि घर त्यांच्या पुतण्याच्या हाती आले. विद्यापीठ वाढत होते, शिकायला येणाऱ्या मुली वाढत होत्या. पुतण्याने टेबल बाहेर काढले, आणखी पाच खाटा आत कोंबल्या आणि मला मोरीकडे सरकवले. आता मुली माझ्यावरच अभ्यास करत, माझ्यावरच जेवत आणि ओले कपडेही माझ्यावरच वाळत घालत.

अशाच एका वर्षी माझ्यावर शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी राहत होती. तिच्या धाकट्या मावसबहिणीलाही याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. सगळे घर आनंदले. राहायचे कुठे, हे मात्र कुणाच्या डोक्यातच आले नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही. परवडेल अशी खोली शोधत ती शहरभर वणवण फिरली. एका ठिकाणी वर्षाचे भाडे आगाऊ मागितले. एका ठिकाणी जिन्याखालची जागा दाखवली, तिला दारच नव्हते. एका बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि खोली कालच गेली म्हणून सांगितले. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी फाटकावर तशीच लटकत होती.

"जागा मिळेपर्यंत माझ्याकडे राहा," ताई तिला म्हणाली. "पण खाटेखाली झोपावं लागेल. कुणी आलं तर हूं की चूं करायचं नाही."

आमच्याकडे बाहेरच्या कुणाला राहू देत नसत. खोलीतल्या बाकीच्या मुलींनी पाहूनही न पाहिल्यासारखे केले. एकीने तर आपली उशी दिली. धाकटी दिवसभर वर्गात बसे, संध्याकाळी खोल्या बघत फिरे आणि परत येऊन माझ्याखाली सरके. मोरीची ओल फरशीत मुरलेली होती. तिची चादर कधी कोरडी झाली नाही.

आईचा फोन आला की ती पडल्या पडल्या बोले. "खोली मोठी आहे गं. हवा छान येते." तेव्हा तिचे नाक माझ्या पट्ट्यांपासून वीतभरच दूर असे. वर ताई तोंडासमोर पुस्तक धरून ते ऐकत असे.

पुढे धाकटीला खोकला लागला. चादर तोंडात कोंबून ती तो दाबायची. एका रविवारी सकाळी पुतण्या नळदुरुस्तीवाल्याला घेऊन अचानक मोरी दाखवायला आला. धाकटी झटकन माझ्याखाली गेली. ते दोघे मोरीत होते तोवर तिने कसेबसे रोखून धरले. ते बाहेर आले आणि खोकला फुटला.

पुतण्या वाकला. "बाहेर ये," तो म्हणाला. ती आली. मग त्याने ताईकडे पाहिले. "ही तुझ्याकडे राहते? खरं सांग. नाहीतर दोघींनी सामान उचलायचं."

ताईची परीक्षा तोंडावर आली होती. या शहरात आपल्यालाही दुसरी जागा मिळणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

"नाही," ती म्हणाली. "मी हिला ओळखत नाही."

धाकटीच्या केसांना जळमट लागले होते. ते काढायला ताईचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला.

"खरंय," धाकटी म्हणाली. "दार उघडं दिसलं म्हणून मी आत शिरले."

पिशवी घेऊन ती निघून गेली. पुतण्या गेल्यावर ताई तिच्यामागे धावली, पण एकटीच परत आली.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. धाकटी तापाने फणफणत घरी पोचली होती. ती आता परत जायचे नाही म्हणत होती. "तिने सांगितलं सगळं," मावशी म्हणाली. "खोली मिळेना, तर तू तिला आपल्यापाशी ठेवून घेतलंस. पोरी, तुझे उपकार कसे फेडू?"

 फोन ठेवून ताई खाली वाकली आणि त्या ओल्या फरशीवर, माझ्याखाली जाऊन पडली. परीक्षा होईपर्यंत ती तिथेच झोपली. माझ्यावर फक्त तिची पुस्तके असत. पास होऊन ती गेली. पुतण्याने सगळ्या खाटांच्या पायांना चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतले. आता माझ्याखाली मांजरही शिरत नाही.

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. लोखंडाला भंगारात तरी जागा मिळते. पण तुमच्यातले कुणी उद्या घरमालक व्हाल, कुणी विद्यापीठ चालवाल. तुमच्या गावात शिकायला आलेल्या मुलीला एवढे जरूर विचारा, की बाळ, तू राहतेस कुठे? ती म्हणेल, छान आहे जागा. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा जाऊन बघून या.