तुकिरानचे डबे

इंडोनेशियात जावा बेटावरच्या सोलो शहरात पाक तुकिरानचे, म्हणजे तुकिरानरावांचे, तीनशे बारा डबे होते. पत्र्याचे, गुडघ्याएवढे उंच, पुढून काच लावलेले, वर घट्ट झाकण. एकेक डबा एकेका खानावळीत नाहीतर चहाच्या टपरीवर बसलेला आणि त्याच्या पोटावर निळ्या रंगात 'तुकिरान' हे नाव. आत क्रुपुक, म्हणजे साबुकंदाच्या पिठाचे, वाळवून तळून फुगवलेले पांढरे जाळीदार गोल. त्यांच्याशिवाय तिथल्या माणसाच्या घशाखाली भात उतरत नाही. दिवसाआड सकाळी तुकिरानची माणसं मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच पोती बांधून निघत. डबा उघडायचा, मऊ पडलेला माल काढून घ्यायचा, ताजा भरायचा, मालकिणीला राम राम घालावा तसं दोन शब्द बोलायचं आणि पुढच्या दारी जायचं. बत्तीस वर्षं हे असं चाललं होतं. कुणी त्याला धंद्याची युक्ती म्हटलं नाही. तुकिराननेही नाही.

त्याची मुलगी नास्तिती जकार्ताची नोकरी सोडून घरी आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. हुशार होती आणि कष्टाला भीत नव्हती. तिने बापाच्या क्रुपुकला लिंबाच्या पानांचा आणि सुक्या मिरचीचा मसाला लावला, रंगीत पाकिटं छापून घेतली, नाव ठेवलं 'ग्रेस'. चव खरोखर चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चवीला दोष द्यायला नको.

जकार्तात नव्या उद्योजकांचा तीन महिन्यांचा वर्ग असतो. तिथे तिची निवड झाली. तिथल्या सल्लागाराने सांगितलं, "माल काय, कुणीही करतो. तुम्ही आधी तुमची माणसं जमवा. माणसं जमली की माल आपला आपण जातो." नास्तितीने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग ती माणसं जमवायला लागली. भट्टीतल्या धुराचे, उन्हात वाळणाऱ्या पिठाच्या चकत्यांचे, बापाच्या भाजलेल्या हातांचे व्हिडिओ तिने टाकले. लोकांना म्हातारा फार आवडला. तो कढईत झारा फिरवताना काहीतरी पुटपुटायचा. लोकांना वाटायचं मंत्र म्हणतोय. तो खरं तर तेलाला शिव्या देत असायचा. वर्षभरात एक लाख नव्वद हजार लोक तिच्यामागे आले. बापाला तिने आकडा दाखवला.

"एवढी माणसं?" तो म्हणाला. "राहतात कुठे?"

"सगळीकडे, बापाक. मेदान, मकासार, पापुआपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. "लांब राहतात."

याच दिवसांत गियांतो आला. एकोणीस वर्षं तुकिरानची पोती वाहिलेला, किडकिडीत, उन्हाने काळा पडलेला माणूस. नास्तितीला तो म्बाक, म्हणजे ताई म्हणायचा, आणि ती त्याला मास, म्हणजे दादा. त्या दिवशी तो लग्नाला जावं तसा बाटिकचा सदरा घालून आला, हातात केळ्यांचा घड. अर्धा तास हवापाण्याचं बोलला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पाक, तुमचे गुडघे आता पोत्यामागे फिरू देत नाहीत. म्बाक नास्तितींचं काम मोठं झालंय. ते जुने डबे… मला दिलेत तर मी सांभाळीन म्हणतो."

तुकिरानने चहाचा पेला फिरवला. "पोरीला विचार. तिच्या मनाला येईल तसं."

नास्तिती हसली. "मास गियांतो, त्या गंजक्या पत्र्याचं तुम्ही करणार काय? निम्म्यांच्या काचा फुटल्यात."

"बसवून घेईन, म्बाक."

"मग न्या की! बापाक, देऊ ना?"

"तुझ्या मनाला येईल तसं," बाप पुन्हा म्हणाला.

जावा बेटावर बाप जेव्हा असं दोनदा म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. तिथल्या लहान पोरालाही तो कळतो. पण नास्तिती आठ वर्षं जकार्तात राहिली होती आणि तिथे लोकांचं हो म्हणजे हो असतं. तिने भंगाराच्या भावाने डबे देऊन टाकले आणि त्या पैशांत व्हिडिओसाठी दिवे घेतले. डबे जातानाचाही व्हिडिओ केला, मागे गामेलानचं संथ वादन लावून. तो तिचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ ठरला. हजारो लोकांनी रडके चेहरे पाठवले.

पाकिटं खपली नाहीत असं नाही. पहिल्या महिन्यात ढिगाने खपली. पण क्रुपुक म्हणजे हवेने भरलेली वस्तू, खोका मोठा आणि आत वजन नाही. बोर्नियोला पाठवायचं भाडं पाकिटाहून जास्त. पोचेपर्यंत निम्म्याचा चुरा. लोक एकदा मागवत, फोटो काढत, "म्बाला सलाम", म्हणजे आजोबांना सलाम, असं लिहीत आणि मग पुढचा व्हिडिओ बघत. बघायला काही लागत नाही. पुढे त्या व्हिडिओच्या कंपनीने काहीतरी आतून फिरवलं आणि दोन लाखांपैकी दोन हजारांनाही तिचं तोंड दिसेना. ती रोज टाकत राहिली. विहिरीत हाक मारावी तसं झालं, फक्त विहीर दुसऱ्याची होती.

भट्टीवर सहा बायका होत्या. त्यांतल्या चौघी तुकिरानच्या तारुण्यापासूनच्या. आठवड्यातले तीन दिवस भट्टी पेटेना, तेव्हा त्या बायका पडवीत बसून एकमेकींच्या उवा काढायला लागल्या. तेलाचा व्यापारी उधार द्यायला का कू करू लागला. गावात माल गेला नाही तर रमझान यायच्या आतच भट्टी बंद करावी लागेल, हे नास्तितीला कळून चुकलं. मग ती स्वतः मोटारसायकलवर पाकिटं लादून निघाली.

पहिली गेली ती बू मार्सिहकडे, म्हणजे मार्सिहमावशीकडे. बाजारामागे तिची सोतोची खानावळ, कोंबडीचा रस्सा आणि भात. नास्तिती लहानपणी बापाच्या मागे बसून इथे यायची.

"अगबाई, टीव्हीवाली आली!" बू मार्सिह ओगराळं वर धरून ओरडली. "ये न्दुक, ये पोरी, बस. तुझं सगळं बघते मी. ते डबे चालले तेव्हा तर इतकी रडले, रश्शात मीठ घालायचं विसरले. गिऱ्हाईक म्हणालं, बू, डोळ्यांतलं तरी घाल."

"बू, मग माझी वीस पाकिटं ठेवता?"

बू मार्सिहने ओगराळं खाली ठेवलं. "कुठे ठेवू?"

"इथे, टेबलावर."

"टेबलावर गियांतोचा डबा."

"त्याच्या शेजारी."

"शेजारी अंडी. त्याच्या शेजारी सॉस. त्याच्या शेजारी गिऱ्हाइकाचं कोपर. माझ्या डोक्यावर ठेवतेस?"

"बू, पण हे जास्त चांगले आहेत. खाऊन बघा."

बू मार्सिहने एक खाल्ला. कुरकुर आवाज झाला. "चांगलेच आहेत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर उतरला. "पण न्दुक, गियांतोचा माणूस दिवसाआड सहाला येतो. मी तांदूळ धूत असते, तो मला हाकही मारत नाही. मऊ पडलेले नेतो, भरतो, जातो. तू कधी येणार? मऊ पडलेले कोण नेणार? आणि तुझं पाकीट बंद. माणूस रस्सा खाताना एका हातात चमचा असतो, दुसऱ्याने पाकीट फाडेल की तोंड पुसेल?"

"मीही दिवसाआड येईन."

"एका माझ्यासाठी?" बू मार्सिहने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नऊ दिवस नास्तिती फिरली. जवळजवळ सगळ्या दारांनी तिला ओळखलं. लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. एका टपरीवाल्याने बायकोला फोन लावून तिच्याशी बोलायला लावलं. पाकिटं मात्र संध्याकाळी तशीच परत यायची. प्रत्येक टेबलावर तोच पत्र्याचा डबा होता, नवी काच बसवलेला, निळं नाव खरवडून त्यावर लाल रंगात 'गियांतो' लिहिलेला. काही डब्यांवर रंगाखालून जुना 'तु' अजून दिसत होता.

दहाव्या दिवशी ती गियांतोकडे गेली. त्याच्या शेडमध्ये अकरा मोटारसायकली उभ्या होत्या, शेजारी दुसऱ्या भट्ट्यांवरून आणलेल्या मालाची पोती. त्याने धावत जाऊन खुर्ची आणली, पुसली, चहा मागवला आणि स्वतः स्टुलावर बसला, तिच्यापेक्षा खाली.

"मास, तुमच्या डब्यांवर माझी पाकिटं ठेवू द्या. झाकणावर. भाडं देईन."

गियांतो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. "झाकण रोज उघडावं लागतं, म्बाक."

"मग डबे मला परत विका. निम्मे तरी. हव्या त्या भावाने."

"डबे काय, म्बाक, आजही बाजारात नवे मिळतात. शंभर घ्या." मग तो फार हळू म्हणाला, "तुम्ही मला पत्रा नव्हता विकला."

तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. हसला असता तर तिला भांडता आलं असतं.

"तुमचा मसाल्याचा माल चांगला आहे," तो पुढे म्हणाला. "सुटा द्या. दिवसाला चार पोती मी उचलतो. भट्टी चालेल, बायका राहतील. पाकीट नको. नाव नको. डब्यात काय नाव?"

"नाव तर तुम्ही डब्यावर लिहिलंय."

"हो," गियांतो म्हणाला. "डबा माझा आहे."

ती घरी आली तेव्हा तुकिरान पडवीत वेताच्या चाळणीला टाके घालत होता. तिने सगळं सांगितलं. तो सुई थांबवून ऐकत राहिला.

"बापाक, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोललो."

"ते काय बोलणं झालं? ओरडायचं होतंत! हात धरायचा होता!"

तुकिरानने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. जमला नाही. "तू मला लोकांना दाखवत होतीस," तो म्हणाला. "एवढे लोक मला बघत होते. मी म्हटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मलाही बरं वाटत होतं, न्दुक. खोटं कशाला बोलू. बत्तीस वर्षं मला कुणी बघितलं नव्हतं." मग चाळणी बाजूला ठेवून तो म्हणाला, "चार पोती म्हणतोय ना? हो म्हण. आणि या खेपेला मी हो म्हटलं की हो समज."

सोमवारपासून चार पोती जाऊ लागली. भट्टी रोज पेटली. बायकांनी कंगवे ठेवून झारे घेतले.

दुसऱ्या आठवड्यात नास्तिती तेलाचा हिशेब मिटवून बाजारातून येत होती. भूक लागली म्हणून बू मार्सिहकडे शिरली आणि कोपऱ्यात बसली. समोर नगरपालिकेचा गणवेश घातलेला एक माणूस जेवत होता. त्याने डब्यात हात घातला, एक मोडला, खाल्ला आणि लगेच दुसरा काढला.

"बू, हे आजचे काय झकास आहेत! लिंबाचा वास येतो. गियांतोने आचारी बदलला का?"

बू मार्सिहने नास्तितीकडे पाहिलं. नास्तिती रश्शात भात कालवत होती.

"बदलला असेल," बू मार्सिह म्हणाली.

"त्याला सांग, बदलू नकोस आता. बायको म्हणते फोनवर कुणाचे तरी असे मसाल्याचे मिळतात, मागवूया. मी म्हटलं, कशाला? इथे गियांतोचे आहेत की." त्याने तिसरा काढला, आणि शेजारधर्म म्हणून डबा नास्तितीकडे सरकवला. "घ्या ना, म्बाक. खाऊन बघा."

तिने एक घेतला. खाल्ला. कुरकुर आवाज झाला.

"चांगले आहेत," ती म्हणाली.

ती उठली तेव्हा बू मार्सिहने सवयीने सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "क्रुपुक किती?" आणि विचारल्यावर तिने जीभ चावली.

"एक," नास्तिती म्हणाली, आणि त्याचे पैसे टेबलावर ठेवून बाहेर पडली.