लाल ठिपक्याचा बोल्ट

मित्रांनो, एखाद्या खिडकीच्या कट्ट्यावर गंजलेला, कोपरे झिजलेला एखादा जुना बोल्ट दिसला तर त्याला उचलून फेकू नका. तो मी असेन. दिसायला अंगठ्याएवढा आहे, पण मला सोडवायला एकदा चार माणसं, अडीच पाने आणि तीन दिवस लागले. अडीच यासाठी, की एक पाना माझ्यावरच मोडला.

आता फार थकलो आहे. तरी सांगतो. मध्ये कुणी उठू नका, कारण मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची ताकद नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापून लाल झालेल्या सळईचा तुकडा तोडला, एका फटक्यात माझं सहा कोपऱ्यांचं डोकं घडवलं आणि निवल्यावर अंगावर आटे कापले. मी इतका गरम होतो की शेजारच्या कामगारानं माझ्यावर जेवणाचा डबा गरम करून घेतला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो निवृत्त होऊन कुठे गेला ते मात्र मला माहीत नाही.

आटे म्हणजे आमच्या अंगावरच्या वळणावळणाच्या खाचा. जगातले बहुतेक बोल्ट डावीकडे फिरवले की सैल होतात, उजवीकडे फिरवले की घट्ट. माझे आटे मुद्दाम उलटे कापले होते. डाव्या बाजूची चाकं धावताना त्यांचे बोल्ट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून त्या काळच्या काही गाड्यांत अशी सोय असे. म्हणजे मला सोडवायचं तर उजवीकडे फिरवायला हवं. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. मी ज्या घरात गेलो तिथली माणसं नेमकी तीच विसरली.

आम्ही पाच भाऊ. एका छोट्या निळ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात आम्हाला बसवलं. ती गाडी घेतली ती बाबांनी. बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर उलटी अक्षरं वाचायची त्यांना सवय होती, त्यामुळे आमच्यासारख्या उलट्या माणसांचा त्यांनी कधी राग केला नाही. पहिल्यांदा चाक पंक्चर झालं तेव्हा त्यांनीही तासभर घाम गाळला. मग एकदम थांबले, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि घरात जाऊन आईच्या कपाटातली लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आले. आम्हा पाचांपैकी माझ्याच डोक्यावर त्यांनी एक गोल ठिपका दिला. खूण म्हणून. या चाकाला हात लावण्याआधी हा ठिपका बघायचा आणि पाना उलटा फिरवायचा.

"नवी कोरी बाटली होती," आई म्हणाली. "एका हातालासुद्धा पुरती लावली नव्हती."

"दुसऱ्या हाताला उद्या लाव."

"बाटली कुठाय?"

बाटली हत्यारांच्या पेटीत गेली ती गेलीच. ती तक्रार त्या घरात पुढे सत्तावीस वर्षं ऐकू येत होती.

ते दिवस चांगले होते. दर सहा महिन्यांनी बाबा आम्हाला बाहेर काढायचे, चिंधीनं पुसायचे, बोटाच्या टोकानं ग्रीस लावायचे आणि पुन्हा जागेवर बसवायचे. मला बसवताना म्हणायचे, "धरून ठेव रे, पठ्ठ्या." मी धरून ठेवलं. डोंगरातल्या घाटात धरलं, गुडघाभर पाण्यात धरलं. एकदा तर रस्ता इतका खराब होता की गाडीतले सगळे जण दातांवर हात ठेवून बसले होते, आणि मी एकटा दात नसलेला तेवढा शांत होतो.

मग बाबा गेले.

पुढच्या वर्षी दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, गाडी चकाचक करायची ठरवली. मन चांगलं होतं त्याचं. बाबांची गाडी मळकट दिसू नये एवढंच त्याला वाटत होतं. त्यानं चंदेरी रंगाचा फवारा आणला आणि एका सकाळी चाकं, झाकणं, बोल्ट, सगळ्यांवर सरसकट मारला. माझा लाल ठिपका त्या रंगाखाली गेला. मी ओरडलो, पण बोल्टाचं ओरडणं कोण ऐकतो? आणि नशीब बघा, त्यानंतर जेवढी पंक्चर झाली ती सगळी उजवीकडच्या चाकांना.

पुढे गाडी फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभी राहिली ती तीन वर्षं. पाणी झिरपलं. माझ्या आट्यांत गंज शिरला आणि माझं नि चाकाचं अंग एक झालं. त्या चाकाचा ब्रेकही आवळून बसला; आता चाक काढून तो सोडवल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. दादा कामावर जाताना गाडीला वळसा घालून जायचा. ताई, त्याची धाकटी बहीण, कधी कधी काचेवरची धूळ पुसायची. बस, एवढीच विचारपूस.

गोष्ट खरी सुरू झाली ती मावशीच्या फोननं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, चार तासांच्या रस्त्यावर एकटी राहणारी. आई तिला आक्का म्हणते. आक्काची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार दिवस दिसणार नाही. तीन वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. बस दोन ठिकाणी बदलावी लागायची आणि आईचे गुडघे पायरी दिसली की संपावर जायचे. भाड्याच्या गाडीत दहा मिनिटांत तिचं पोट ढवळायचं. या एका निळ्या गाडीत तिला कधी काही झालं नव्हतं.

दादानं मात्र भंगारवाल्याला शनिवारी दुपारी बाराला बोलावून ठेवलं होतं.

"बारापर्यंत चालू झाली तर ठेवू," तो ताईला म्हणाला. "नाही झाली तर तू मध्ये पडायचं नाही."

गुरुवारी आईनं पिशवी भरली आणि गाडीशेजारी खुर्ची टाकून बसली. त्याच दिवशी दादानं माझ्या भावाला पाना लावला. सगळे लावतात तसा, डावीकडे. पाना हलेना म्हणून त्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि पाइपावर स्वतः चढला. मित्रांनो, दर हिसक्याला आम्ही सुटत नव्हतो, आणखी आवळले जात होतो. संध्याकाळी खट्कन आवाज आला. माझ्या शेजारच्या भावाचं डोकं तुटून अंगणात घरंगळत गेलं.

"सुटला," दादा म्हणाला.

"तुटला," ताई म्हणाली.

आम्ही चौघं उरलो. त्या रात्रीबद्दल मी काही सांगणार नाही.

शुक्रवारी ताईनं मिस्त्रीकाकांना आणलं. वय बहात्तर, दोन्ही मनगटांना पट्ट्या, गॅरेज बंद करून चार वर्षं झालेली. त्यांनी माझ्यावर गंज सोडवणारं तेल सोडलं, वाट पाहिली, हातोडीनं हळूहळू टकटक केली, पुन्हा तेल सोडलं. गॅसची ज्योत लावली तेव्हा मला कारखान्यातला तो डबा आठवला. काका घाई करत नव्हते. हात लावला की कळायचं, की या माणसानं हजार बोल्ट सोडवले आहेत आणि प्रत्येकाशी बोलून सोडवले आहेत.

"हा बोल्ट नाही हो," ते ताईला म्हणाले. "कचेरीतला शिक्का मारणारा आहे. खुर्चीवरून उठायचं नाव नाही."

मग ते म्हणाले, "एक काम करतो. आधी थोडा आवळतो. जाम झालेला बोल्ट कधी कधी आवळल्यावर गंज सोडतो."

माझ्या अंगात वीज चमकली. ते आवळायला म्हणून पाना उजवीकडे फिरवणार, आणि मी सुटणार.

तेवढ्यात दादा आला. "काका, दोन दिवस सोडवतोय, आणि तुम्ही आणखी आवळायला निघालात?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटांकडे. वाद घालण्याइतकं बळ राहिलं नव्हतं. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा डावीकडे जोर लावला. पाना मोडला तो इथे. माझे दोन कोपरे गोल झाले.

आईचा फोन वाजला. "निघालेच गं आक्का," ती म्हणाली. "वाटेतच आहे असं समज." ती गुरुवारपासून वाटेतच होती. फोन ठेवून म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही गाडी दुरुस्त करताय की तिला मारताय?"

"वहिनी, मारतोय तिला, पण लागतंय मला."

शनिवारी सकाळी काकांनी शेवटचा उपाय म्हणून घट्ट बसणारा नवा पाना आणला. तो नीट बसावा म्हणून तारेच्या ब्रशनं माझं डोकं घासायला लागले. चंदेरी रंगाचे पापुद्रे उडाले. साडेदहा वाजले होते.

"थांबा," आई म्हणाली.

ती खुर्चीतून उठली. गुडघ्यांनी काय म्हटलं असेल ते असो, ती सरळ माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. पदरानं माझं डोकं पुसलं. गंज आणि रंग यांच्या मध्ये नखाएवढा लाल तुकडा उरला होता.

"माझी नेलपॉलिश," ती म्हणाली.

ताई वाकून बघायला लागली.

"तुमच्या बाबांनी लावली होती. म्हणायचे, या चाकाचं सगळं उलटं आहे. मी बाटलीसाठी भांडत बसले. ते काय सांगतायत ते ऐकलंच नाही कधी."

काकांच्या हातातून ब्रश खाली पडला. ते मागे रेलले आणि हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. "उलटे आटे," म्हणाले. "पहिली तीन वर्षं मी याच गाड्यांवर शिकलो. माझे उस्ताद यासाठी माझा कान पिळायचे. वहिनी, त्यांनी कानसुद्धा उलटाच पिळायला हवा होता, म्हणजे लक्षात राहिलं असतं."

दादा हातातल्या घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "रंग मी मारला," तो म्हणाला.

"चांगला मारला होतास," आई म्हणाली. "आता पाना धर."

काकांनी पाना माझ्या डोक्यावर ठेवला आणि दादाचे हात त्यावर ठेवले. "उजवीकडे. हिसका नको. नुसतं वजन दे." मी कण्हलो. तीन वर्षांचा गंज कुरकुरत फुटला. मग मी हललो, पाव वळण, अर्धं वळण, आणि शेवटी दादाच्या तळहातात येऊन पडलो. त्यानं मला घट्ट मुठीत धरलं. खरं सांगू, मीही त्याला धरणार होतो. पण मला हात नाहीत.

उरलेले तिघे मुकाट्यानं बाहेर आले. भंगारवाला बाराला आला तेव्हा चाक अंगणात होतं, तुटलेल्या भावाचं धड पक्कडीनं काढून झालं होतं आणि काका ब्रेक घासत होते. दादानं भंगारवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. "गाडी चाललीय," म्हणाला. गाडी तेव्हा तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी होती.

आम्हाला परत बसवलं नाही. काकांनी ओळखीच्या दुकानातून तसेच उलट्या आट्यांचे पाच नवे बोल्ट आणले. ताईनं नेलपॉलिशची नवी बाटली आणली आणि आईनं पाचांच्याही डोक्यांवर ठिपके दिले. मग तीच बाटली घेऊन दोन्ही हातांची नखं पूर्ण रंगवली.

मला तिनं पिशवीत टाकलं, आणि रविवारी निळी गाडी आम्हाला घेऊन आक्काच्या दारात उभी राहिली. आईनं आक्कासमोर आधी हात पसरले. आक्कानं नखं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "लाल," म्हणाली. "दिसतंय गं अजून." मग आईनं मला तिच्या हातात दिलं. "याच्यापायी उशीर झाला."

आक्कानं माझे गोल झालेले कोपरे बोटानं चाचपले. "हा इथेच राहू दे. याला न्यायला तरी परत येशील."

तेव्हापासून मी तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर आहे. मित्रांनो, मी तुम्हाला एवढंच सांगेन, की एखादी गोष्ट सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी ती कुठल्या बाजूला फिरते ते बघा. आणि घरातल्या मोठ्यांनी कुठे खूण करून ठेवली असेल तर तिच्यावर रंग मारण्याआधी ती कशाची आहे ते त्यांना विचारून घ्या. ते आहेत तोवरच सांगतील.

रविवार आला की आक्का मला मुठीत धरून दाराशी बसते. फाटकाशी निळी गाडी वाजली की मला परत कट्ट्यावर ठेवते, जरा आत सरकवून, पडद्याच्या मागे. आई निघताना दर वेळी विचारते, "तो बोल्ट कुठे गेला गं?" आणि आक्का म्हणते, "सापडत नाहीये. पुढच्या वेळी ने."

मी थकलोय. पण धरून ठेवलंय.