मधल्या सुरांची पेटी

धर्मपाल अमरावतीत पेट्या दुरुस्त करायचा. भात्याला नवं चामडं लावायचं, उतरलेले पितळी सूर कानशीने घासून जागेवर आणायचे, यावर घर नीट चाललं होतं. पण सुखातला जीव दुःखात घातला नाही, तर तो धर्मपाल कसला! एकसष्ट साली त्याने स्वतःची एक पेटी केली. तिच्यात दर दोन सुरांच्या मध्ये आणखी दोन सूर बसवले. चहाच्या खोक्यावर तारा ताणून तंबोऱ्यासारखं एक वाद्यही केलं. वस्तीतल्या लोकांना हसायला विषय झाला.

हे सगळं होतं बायकोसाठी. पंचफुला गायला लागली की तिचा आवाज कोमल गंधाराच्या वर आणि शुद्ध गंधाराच्या खाली जाऊन थांबायचा, दर वेळी तिथेच. ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावत. तिने गाणं सोडूनच दिलं होतं.

"तुहा आवाज बेसूर नाही," धर्मपाल म्हणाला. "पेटीतच तो सूर नाही."

एवढं तिला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. ती पुन्हा गाऊ लागली.

त्याने तिच्यासाठी गाणं बांधलं. शब्द एका ओळीचेच: 'माय, आता वर पाहून चाल.' 'चाल' या शब्दावर आवाज मधल्या सुरांतून हळूहळू चढत जायचा आणि शेवटी तिच्या त्या सुरावर थांबायचा.

बुद्धजयंतीला दर्यापूरच्या गायन मंडळाने बोलावलं. मंडप भरलेला. पंचफुला मांडीवर खोका घेऊन बसली, शेजारी धर्मपाल नवी पेटी घेऊन. ती गाऊ लागली. 'चाल'वर आवाज चढायला लागला तशी माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

आपल्याकडच्या मंडळांची एक रीत आहे, आणि ती चांगली आहे. गाणाऱ्याचा सूर सुटला, तर त्याला एकटं पडू द्यायचं नाही, सगळ्यांनी मिळून ओळ उचलायची. मंडळाचे शेषराव उठले, हात वर केला, आणि सगळा मंडप तिच्या मदतीला धावला. सरळ, खणखणीत शुद्ध गंधारात.

पंचफुला थांबली नाही. एवढ्या गळ्यांसमोर तिने आपला सूर धरून ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मधली पट्टी दाबली असती, तर मंडपाला कळलं असतं की हा सूर मुद्दाम आहे. धर्मपालचं बोट त्या पट्टीवरच होतं. पण समोर लोक तिची कीव करत होते आणि त्याची त्याहून जास्त. त्याला तिची लाज वाटली. बोट सरकलं आणि लोकांच्या सुरावर जाऊन बसलं.

पंचफुलाने खोक्याच्या तारांवर तळवा ठेवला आणि गाणं थांबवलं.

गाणं मंडपानेच संपवलं. टाळ्या पडल्या.

"घाबरू नको, माय," शेषराव म्हणाले. "होते असं. आमी हाओत ना."

पंचफुलाने हात जोडले. "माफ करा, दादा. माहा सूर सुटला."

'तिचा सूर सुटला नाही' असं म्हणायची हीच वेळ होती. धर्मपाल मान खाली घालून पेटीचा भाता बंद करत बसला. आता लाज वाटत होती ती स्वतःची, आणि त्या लाजेला उपाय नव्हता.

मोटारीच्या थांब्यावर दोघं उभी होती. ऊन अजून कडक होतं. धर्मपालने पेटी खाली ठेवली.

"सूर तुहा सुटला नव्हता."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "हे तिथं सांगाचं होतं."

मोटार आली. तिने खोका उचलून आत ठेवला आणि खिडकीशी बसली. धर्मपालला शेजारी जागा होती, पण तो पेटी घेऊन मागे जाऊन बसला.