बेसिलच्या आधी हसलेले लोक

बेसिल व्हिटकोम उभी हयात इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर लोकांना हसवत आला. तिकडे कोणी विचारेना, तेव्हा जर्मनीत कोलोनला आमच्या छोट्या इंग्रजी थिएटरात आला. आम्ही सगळे त्याच्या पुढेपुढे करायचो. मी तर जास्तच.

नव्या नाटकात मला शेजारणीची भूमिका मिळाली होती. पुण्याची वसुधाआत्या बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायची आणि मध्येच तिरक्या नजरेने समोरच्याला जोखायची, तसं मी तालमीत केलं. सगळे पोट धरून हसले, एकटा बेसिल सोडून. मग दिग्दर्शकाने सांगितलं, की माझे उच्चार इथल्या प्रेक्षकांना कळणार नाहीत असं बेसिलचं म्हणणं आहे. शेजारीण नाटकातून गेली. पुढच्या तालमीला बशी बेसिलच्या हातात. फुर्र माझंच, नजरही माझीच. पेपरांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं.

मला जर्मन ओळींवर बसवलं. नट इंग्रजीत बोलतो, मी मागच्या खोलीतून बटण दाबते, मंचाच्या वर भाषांतर उमटतं. नटांना ते दिसत नाही. विनोद असेल तर नटाचा शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत थांबायचं.

"जाऊ दे, सोड ना आता," माझा नवरा गौरांग म्हणाला. त्याला काय होतंय म्हणायला!

रविवारी दुपारी टीव्हीवाले बेसिलला बघायला आले. मालिकेतली मुख्य भूमिका होती. ही हुकली तर आपण संपलो, असं तोच सांगत फिरत होता. मी प्रत्येक बटण जरा आधी दाबलं. लोक वाचून हसायचे, बेसिल गडबडायचा, आणि त्याचा विनोद येईपर्यंत सभागृह गार. तो घाई करू लागला, मग मीही केली. टीव्हीवाले मध्यंतरातच उठून गेले. माझा आत्मा थंड झाला, खोटं कशाला बोलू?

प्रयोगानंतर तो रंग न पुसताच माझ्या खोलीत आला.

"ऊर्मिला, तू रोज बघतेस. माझं काय चुकलं?"

मी खरं सांगितलं असतं, तर त्या लोकांना पुन्हा बोलावता आलं असतं.

"तुम्ही उशिरा बोलत होतात," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी."

वय झालं, असं तो पुटपुटला. खरं सांगणारी तू एकटीच, म्हणत त्याने माझे आभार मानले. मी ते घेतले.