अकरा माणसं मोजणारा डबा

मी दुर्गच्या टायपिंग इन्स्टिट्यूटनं काढून टाकलेला कॉम्प्युटर बोलतोय. शिक्षण म्हणाल तर शून्य आणि एक, त्यापुढं शाळा नाही. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

१९९२ साली देवरावांनी मला स्कूटरवर बांधून सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये आणलं. ते पोलादाच्या प्लँटमध्ये पाळीची हजेरी लिहीत. त्यांच्या लतिकाला कॉम्प्युटर शिकायला नागपूरला जायचं होतं. फॉर्मवर बापाची सही हवी आणि सोमवार शेवटचा दिवस.

"ह्या डब्यानं आमच्या पाळीची अकरा माणसं मोजून दाखवली तर सही करतो," देवराव म्हणाले.

लतिकानं मैत्रिणीकडून लिस्प नावाच्या भाषेची फ्लॉपी आणली. माझी जुनी भाषा साधी होती. हे कर, मग ते कर, जुना आकडा पूस, नवा लिही. ही नवी निराळीच. पुसापुशी नाही. कंसात काम सांगायचं, उत्तर घ्यायचं. आणि कंस तरी किती! पोरगी एखादा लावायला विसरली की मी वाट बघत गप्प बसायचो, अन् शिव्या मलाच. चूक आपली, शिव्या दुसऱ्याला, हे माणसांचं मला अजून कळलेलं नाही.

रविवारी दुपारी तिनं नावं दिली. सांगितलं, पहिलं बाजूला काढ, उरलेली यादी पुन्हा स्वतःलाच मोजायला दे, येईल त्यात एक मिळव. काम माझं आणि मीच मला देणार! मला मोठी गंमत वाटली. देत गेलो. नावं संपली तरी देतच राहिलो. शेवटी डोक्यातली जागा संपली आणि आडवा झालो.

"अकरा माणसं मोजता येत नाही याले, अन् याच्यापायी तू नागपूरले जाशील?"

"मंग बाबा, तुम्हीच सांगा न कावून अडकला तो!" लतिका रडवेली झाली.

देवराव खुर्ची ओढून बसले. सगळं तीनदा विचारलं.

"म्हणजे यानं त्याले चार्ज द्याचा, त्यानं पुढच्याले?"

"हो."

"अन् शेवटल्याले सोडवणारा रिलीव्हरच नाही आला तर? त्या बिचाऱ्याले सुट्टी कोण देते?"

लतिकानं कीबोर्ड पुढं ओढला. मग तिनं एक ओळ घातली: यादी रिकामी असेल तर उत्तर शून्य.

मी सांगितलं, अकरा.

"गुलाब रजेवर हाये. काढ त्याचं नाव."

दहा.

"सगळेच रजेवर गेले तर?"

शून्य.

"खोटी हजेरी नाही लावत व हा," देवराव म्हणाले आणि खिशातला पेन काढला.

लतिका नागपूरला गेली. मैत्रिणीची फ्लॉपी परत गेली, तिच्यासोबत ती कंसांची भाषा आणि माझं मोजणंही. आता देवराव कधीमधी माझ्यावरचं फडकं काढतात, एका बोटानं कंसात पोरीचं एकटं नाव टाकतात आणि वाट बघतात. माझी जुनी भाषा त्यावर एकच बोलते, 'चूक'.

चूक नाही हो ती. पण मला दुसरं बोलताच येत नाही. पोरी, दिवाळीला येशील तेव्हा ती फ्लॉपी मागून आण. तुझ्या बापाला एकदा तरी 'एक' म्हणायचं आहे मला.