नाळेतल्या पेशी

रागिणी अमरावतीच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. कॅन्सरच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं एक औषध पेशींवर नेमकं काय करतं, हा तिचा विषय. त्यासाठी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लागत. त्या नाळेतून मिळत. प्रसूतिगृहात बाळंतीण संमतीच्या कागदावर सही करायची आणि नाळ डब्यातून प्रयोगशाळेत यायची.

अशीच एक नाळ आली, त्यानंतर सहाव्या दिवशी तेल्हाऱ्याच्या दुर्गाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांची सून अजून दवाखान्यातच होती.

"माह्या नातवाची नाळ द्या. वावरात पुरायची हाय."

रागिणीनं सुनेच्या सहीचा कागद दाखवला.

"सई तिनं केली. मले काहून नाही इचारलं?"

रागिणी चांदूर रेल्वेची. घरी असंच कोणी विचारलं असतं हे तिला ठाऊक होतं. ती खरं तेच बोलली. "आजी, पेशी काढल्यावर नाळ जाळाले गेली. पेशी तेवढ्या जित्या हायेत."

"दाखव."

दुर्गाबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्या, औषध न घातलेल्या काचेच्या बशीत एकमेकींना जोडून पेशींचं जाळं झालं होतं. दुसरीत औषध होतं, तिथे त्या सुट्या सुट्या पडल्या होत्या.

"ह्या मेल्या काय?"

"नाही. वाहिनी बनवा, असा निरोप पेशीले बाहेरून येते. औषध तो आत जाऊ देत नाही. म्हणून थांबल्या."

"औषध काढलं तं?"

रागिणीनं ते करून पाहिलं नव्हतं. "मालूम नाही," ती म्हणाली.

दुर्गाबाई थोडा वेळ स्टुलावर बसल्या. "तुमी जाळाले नव्हती पायजे," एवढं म्हणून त्या उठल्या.

संध्याकाळी रागिणीनं एका बशीतलं औषध धुऊन टाकलं. सकाळी पाहिलं तर पेशी सरकून जवळ आल्या होत्या, काही ठिकाणी जोडल्याही होत्या. तिनं फोटो काढले, वहीत नोंद केली. पुढे तो प्रयोग तिनं तीनदा केला आणि मार्गदर्शकांनी तो प्रबंधात घ्यायला सांगितलं.

पेशी जोडल्या त्याच दिवशी दुर्गाबाईंना कळवावं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. सुनेला सुटी मिळून सगळे गावी गेले होते.

पुढच्या आठवड्यात अकोटची एक बाळंतीण सही करायला तयार झाली. रागिणीनं कागद तसाच हातात ठेवला आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या सासूला सगळं समजावून विचारलं. सासू नाही म्हणाली. सुनेनंही मग पेन खाली ठेवलं.

रागिणी रिकामा डबा घेऊन परत आली.